सासुरवाडीचं छत

चांगली बातमी आली की तोंड कसं करावं, एवढंसुद्धा या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं का? मोठीआईची तक्रार एवढीच होती, आणि सकाळपासून ती सुनेला, भांड्यांना, खिडकीखालून जाणाऱ्या दूधवाल्याला आणि वरच्या देवाला, अशी सगळ्यांना सांगून झाली होती. नातीचा प्रबंध कॉलेजातल्या मास्तरांनी मान्य केला. तिच्या शब्दावर विसंबून मॅनेजरने खाणीत काम सुरू केलं. तोच मॅनेजर आज चक्क घरी चहाला यायचा होता. आणि ही बया दाराशी बसली होती, एरंडेल प्यायल्यासारखी.

“कुणी मेलंय का?” मोठीआईने विचारलं.

“नाही, आजी.”

“मग मरायला टेकलंय?”

“नाही गं.”

“मग ते सुतकी थोबाड आत ने आणि धुऊन आण. मॅनेजरला वाटायचं, मयताच्या घरी चहाला बोलावलं.”

खाणीच्या वस्तीत एकसारख्या घरांची लांबलचक रांग होती, आणि त्या रांगेत मोठीआईचं घर कडेचं. मोठीआई ती फक्त आपल्या घराची नव्हती. रांगेतल्या लहानथोरांनी तिला हे नाव दिलं होतं, काहींनी प्रेमाने, बऱ्याच जणांनी नाइलाजाने. शाळेत ती गेली होती, पण तिथे मास्तरीणबाईंशी तिचं पटलं नाही, आणि दोघींपैकी एकीने जायला हवं होतं म्हणून ती घरी आली. तरुणपणी खाणीच्या तोंडाशी सरकत्या पट्ट्यापुढे बसून तिने कोळशातले दगड वेचले. नवऱ्याने सगळी हयात जमिनीखाली काढली, अंगावर साधा ओरखडा नाही; आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पायरीवरून घसरून गेला. “ज्याला अख्ख्या डोंगराने सोडलं त्याला चार विटांनी धरलं,” असं ती सांगायची, आणि त्यात दुःख किती नि मेलेल्याच्या वेंधळेपणाचा राग किती, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तर अशा घरातली ही नात. खाणीची इंजिनियर झाली तेव्हा मोठीआईने रांगभर मिरवलं. पुढे ती म्हणाली, मी आता संशोधन करणार, तेव्हा मोठीआईला वाटलं, काहीतरी हरवलंय. मग नातीने समजावून सांगितलं. जमिनीखालचा कोळसा काढताना सगळा काढत नाहीत. मध्ये मध्ये कोळशाचेच जाडजूड खांब सोडतात, कारण वरचा सगळा डोंगर त्यांच्या डोक्यावर बसलेला असतो. आता प्रश्न असा, की हे खांब कोरून कोरून किती बारीक केले तरी वरचं छत टिकेल?

“म्हणजे आपल्याच घराच्या भिंती खायच्या आणि घर पडू द्यायचं नाही,” मोठीआई म्हणाली. “यासाठी इतकं शिकावं लागतं? मॅनेजर लोक न शिकताच करतात.”

हे संशोधन चाललं होतं नातीच्या बापाच्याच भागात. बाप, म्हणजे मोठीआईचा एकुलता एक लेक, सकाळच्या पाळीचा मुकादम. त्याच्या भागाला कागदावर काहीतरी आकडा होता, पण कामगार त्याला सासुरवाडी म्हणायचे; कारण तिथे जाताना मान खाली घालावी लागते, आत आवाज चढवायची सोय नाही, आणि कधी एकदा बाहेर पडतो असं होऊन जातं. त्या सासुरवाडीत नातीने जमीन आणि छत यांच्यामध्ये लोखंडी दांडे उभे केले. प्रत्येक दांड्यावर घड्याळासारखी एक तबकडी. छत केसभर जरी खाली आलं तरी दांडा दबणार आणि काटा पुढे सरकणार. पोरगी आठवड्यातून एकदा कॉलेजातून यायची, सकाळच्या पाळीबरोबर खाली उतरायची, काटे बघायची आणि परत जायची. मधल्या दिवसांत तबकड्या बापाच्या हवाली. “बाबा, यांना कुणाला हात लावू देऊ नका,” एवढं तिने बजावलं होतं. बापाने तबकड्या जिवापाड जपल्या. एकदा एका कामगाराने त्यातल्या एका दांड्याला टेकून घाम पुसला, तर त्याला त्याने असा झापला की तो बिचारा पुढे स्वतःच्या दाराच्या चौकटीलाही टेकेना.

आणि काटा? काटा शून्यावर. पहिल्या आठवड्यात शून्यावर, दुसऱ्यात शून्यावर, पावसाळा गेला, थंडी आली, काटा आपला जागच्या जागी.

आता कुठल्याही शहाण्या माणसाला याचा आनंद झाला असता. पण पोरीचं गणित म्हणत होतं की छत थोडं तरी उतरायलाच हवं. वर एवढा डोंगर, खाली एवढेच खांब, आणि खडकात भेगा इतक्या, तर ते अगदीच हलत नाही हे कसं? तिने मास्तरांना विचारलं. मास्तर मोठे विद्वान. खाणीत ते आयुष्यात दोनदा उतरले होते आणि दोन्ही वेळा फोटो काढून वर आले होते. ते म्हणाले, काटा खोटं बोलेल की तुझं गणित? गणित सुधार. मग पोरीने गणित सुधारलं. म्हणजे कागदावरचा खडक तिने इतका घट्ट केला, इतका घट्ट केला, की शेवटी गणितातही शून्य आलं. मास्तर खूश झाले. प्रबंधात लिहिलं गेलं, सासुरवाडीचे खांब आणखी बारीक करता येतील. मॅनेजर तर इतका खूश झाला की छपाईची वाटही न बघता त्याने कोरकाम सुरू करायला सांगितलं.

मोठीआई वाण्याच्या दुकानात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आमच्या नातीने डोंगराला दम भरलाय. खबरदार हललास तर.”

आणि पोरगी दाराशी बसून म्हणत होती, “आजी, अजिबात हलत नाही, असं होत नसतं गं.”

“का होत नसतं? तुझा आजोबा कधी हलला का? खाटेवर बसला की बसला. दोन माणसं लागायची.”

“तो माणूस होता, आजी.”

“हे तू मला सांगू नकोस.”

चहाची वेळ झाली. शेजारून चार चांगल्या खुर्च्या आणल्या होत्या, आणि खुर्च्यांचे मालक आपापल्या खिडक्यांतून त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. सुनेने ठेवणीतल्या कपबश्या काढल्या. लेकाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याची कॉलर त्याला हळूहळू फाशी देत होती. मॅनेजर आला. माणूस उंच, पण बरीचशी उंची मानेतच गेलेली, त्यामुळे तो कुणाशीही बोलताना भिंतीवरून डोकावल्यासारखा दिसायचा.

“मोठीआई, नात म्हणजे रत्न आहे तुमची,” तो बसता बसता म्हणाला.

“ते आम्हाला माहीत आहे. बिस्किट घ्या.”

“नाहीतर हे संशोधक लोक! एक गोष्ट सरळ सांगतील तर शपथ. असू शकेल, नसूही शकेल, अधिक अभ्यासाची गरज आहे. हिने कसं, एका शब्दात मोकळं केलं. आज दुपारच्या पाळीने पहिला खांब कोरायला घेतलासुद्धा.”

मोठीआईने खिडक्यांकडे एक नजर टाकली, सगळ्यांना नीट ऐकू गेलं ना म्हणून. पोरगी कपात बघत बसली होती, जणू आत कुणीतरी बुडत होतं.

लेक एरवी मोठ्या माणसांसमोर तोंड उघडत नसे. पण आज आपल्या पोरीचं कौतुक चाललेलं, घर आपलं, चहा आपला, आणि मॅनेजर एरवी ओरडायचा तो आज हसत होता. त्याला राहवलं नाही.

“साहेब, त्या तबकड्यांचं बाकी मीही बघितलंय हं. पोरीने सांगितलं होतं, जपा. रोज सकाळी आत गेलो की आधी तबकड्या. माझ्या स्वतःच्या रुमालाने पुसायच्या, काटा शून्यावर आणून ठेवायचा, आणि मगच बाकीचं काम. एक दिवस खाडा नाही. ही बघायला यायची तेव्हा सगळे काटे कसे, शिपायांसारखे उभे.”

“वा,” मॅनेजर म्हणाला.

पोरीने कप खाली ठेवला.

आता हे त्या खाणीत वाढलेल्या माणसालाच कळेल. तिथे पाळी सुरू झाली की पहिलं काम हे, की मोजणारी म्हणून जी जी वस्तू आहे ती शून्यावर आणायची. कोळशाच्या डब्यांचा आकडा शून्यावर. पाणी उपसणाऱ्या पंपाचं घड्याळ शून्यावर. पट्ट्याचा काटा शून्यावर. मागच्या पाळीने काय दिवे लावले ते तिच्यापाशी, आपण आपलं नव्याने मोजायचं. ज्याच्या पाळीत काटा शून्यावरून सुरू झाला नाही तो मुकादम गबाळा, बटण न लावता बाहेर पडणाऱ्यांतला. मोठीआईच्या नवऱ्याने हे आपल्या मुलाला शिकवलं होतं, तो मुलगा आयुष्यभर ते पाळत आला होता, आणि आपल्या पोटच्या पोरीचा काटा तेवढा वेडावाकडा ठेवायचा, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“रोज?” पोरीने विचारलं.

“अगं रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन आलो.”

“म्हणजे तो शून्यावर नसायचा?”

“थोडासा सरकलेला असायचाच की. हा एवढासा.” त्याने नखावर दाखवलं. “गाड्यांच्या धक्क्याने असेल. हल्ली हल्ली जरा जास्त सरकतो म्हणा, पण मी आहे ना! तबकडीची कड फिरवली की येतो जागेवर.”

आणि पोरगी हसली. हसली म्हणजे काय, खो खो हसत सुटली. कित्येक महिन्यांत तिच्या तोंडावर ऊन पडलं नव्हतं ते एकदम पडलं. ती उठली, बापाच्या गळ्यात पडली, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची वाट लावली, आणि ओरडली, “हलतंय! आजी, हलतंय ते! माझं गणित बरोबर होतं!”

मोठीआईला बरं वाटलं. काय हलतंय ते कळलं नाही, पण पोरीचं तोंड सुधारलं म्हणून बरं वाटलं. ती सुनेला सांगणार होती की हिला आणखी बिस्किट दे. तेवढ्यात ते ऊन आलं तसं गेलं. पोरगी पांढरीफटक पडली.

“बाबा, दुपारची पाळी आत आहे.”

मॅनेजरचा कप ओठांपाशी अर्ध्यावर राहिला. मग त्याने तो अतिशय काळजीपूर्वक बशीत ठेवला.

“हे बघ,” तो म्हणाला, “ही चहापाण्यातली गोष्ट झाली. घाई नको. उद्यापासून नव्याने मोजू, नीट. काम काय, चालू राहू दे.”

“साहेब, छत उतरतंय. आणि आपण खालून खांब कोरतोय. माझ्या सांगण्यावरून.”

“तूच लिहिलंयस ना पक्कं म्हणून? मग आता मी वर काय कळवू? मुकादमाने उपकरणात ढवळाढवळ केली म्हणून? मग तुझ्या वडिलांची नोकरी गेली समज. आणि तुझी पदवी. तेव्हा शांतपणे घेऊ. घरातली गोष्ट घरात.”

बाप खुर्चीवर तसाच बसून होता, हातात रुमाल. त्याला आता कळायला लागलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर एखादी भिंत ढासळावी तसं टप्प्याटप्प्याने दिसत होतं.

खरं सांगायचं तर मोठीआईला मॅनेजरचं पटलं. रांगभर बढाई मारून झालेली, खिडक्या उघड्या, खुर्च्या उसन्या. अशा वेळी कुठली सुज्ञ बाई म्हणेल, की या, बघा, आमच्या पोराने शेण खाल्लंय? ती म्हणाली, “पोरी, पाहुण्यांसमोर शोभा नको. चहा निवतोय.”

“निवू दे, आजी,” पोरगी म्हणाली, आणि चपला घालून चालू पडली.

तिच्यामागे बाप. बापामागे मॅनेजर, “ऐक तर, ऐक तर” करत. आणि सगळ्यांच्या मागे मोठीआई, एका पायात आपली नि एका पायात सुनेची चप्पल. घराण्याचा कचरा व्हायचाच असेल तर तो आपल्या देखत व्हावा, एवढी तिची अट होती.

दिव्यांच्या खोलीत, जिथे कामगार टोपीवरचे दिवे घ्यायला आणि ठेवायला येतात, तिथे खालपर्यंत जाणारा फोन होता. दिवे घासणारे दोघे आणि हजेरीवाला असे तिघेजण तिथे होते. ते काम सोडून बघायला लागले. पोरीने फोन उचलला. दुपारच्या मुकादमाला सगळे भोंगा म्हणायचे. तो फोनवर बोलला की फोनची गरजच नसायची, त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द खोलीभर ऐकू येत होता.

“कोण आहे?”

“काका, मी बोलतेय. सासुरवाडीतून माणसं बाहेर काढा. आत्ता. माझा अहवाल चुकलाय.”

“अगं बाई, परवाच तर पक्कं म्हणालीस! आज कच्चं. उद्या पुन्हा पक्कं म्हणशील. मी काय पोरांना घेऊन वर-खाली झोपाळा खेळू?”

“काका, खरंच सांगते. मी मोजण्यात चुकले.”

“काय चुकलीस?”

इथे पोरगी थांबली. तिने बापाकडे बघितलं आणि ओठांवर आलेलं कारण गिळून टाकलं. दारातून मॅनेजर मोठ्याने म्हणाला, “मी काम थांबवायचा हुकूम दिलेला नाही!” पलीकडून भोंग्याने ते ऐकलं. “बघ,” तो म्हणाला, “साहेब काय म्हणतात. नीट कारण सांग, नाहीतर ठेव फोन.”

“मी चुकले,” पोरगी पुन्हा म्हणाली.

मोठीआईने हे बघितलं. पोरगी बापाला पाठीशी घालत होती, आणि तेवढ्याने खालचा एक माणूसही वर येणार नव्हता. ती वळली आणि कोपराने लेकाच्या बरगडीत असं ढोसलं की त्याच्या कॉलरचं बटण तुटलं.

“अरे बोल की! तोंडात काय दही जमलंय?”

बापाने फोन घेतला. दिवे घासणारे, हजेरीवाला, मॅनेजर, आई, पोरगी, सगळ्यांच्या देखत म्हणाला, “मी बोलतोय. त्या तबकड्या मी फिरवल्या. रोज. हिला ठाऊक नव्हतं. छत उतरतंय, तू सगळ्यांना काढ.”

“तू फिरवल्यास? कशाला?”

“शून्यावर आणायला.”

पलीकडे इतकी शांतता झाली की भोंगा मेला की काय असं वाटलं. मग तो म्हणाला, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, “अरे, दुपारी मी आणतो.”

“काय आणतोस?”

“शून्यावर. मला वाटलं, तू विसरतोस. पाळी सुरू करताना थोडा पुढे असतो ना, मी करतो नीट.” थोडं थांबून तो पुढे म्हणाला, “रात्रवालाही करतच असेल. तो तर तुझ्याहून टापटीप.”

पोरीने भिंतीला हात टेकला. म्हणजे बापाने नखावर दाखवलं ते निव्वळ त्याच्या वाट्याचं होतं. तेवढंच दुपारी, तेवढंच रात्री. तीन कर्तव्यदक्ष माणसांनी मिळून एका डोंगराचं उतरणं पुसून काढलं होतं, रुमालाने.

“पोरांनो, बाहेर!” भोंगा ओरडला, आणि या वेळी फोन नसता तरी वर ऐकू आलं असतं.

माणसं वर आली, काळीठिक्कर, घामाने निथळणारी आणि वैतागलेली. एकाने विचारलं, “पडलं का?” दुसरा म्हणाला, “नाही.” तिसरा म्हणाला, “मग आपण का आलो?” आणि हाच प्रश्न पुढे सगळ्या वस्तीने धरला. कारण छत पडलंच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. मोठीआई वाण्याकडे गेली की कुणीतरी अतिशय काळजीच्या सुरात विचारायचं, “मोठीआई, तुमचं छत कसं आहे?” दूधवाला विचारायचा. खुर्च्यांचे मालक खुर्च्या घेऊन जाताना विचारून गेले. जिने अख्ख्या रांगेला आयुष्यभर टोमणे मारले तिला आता रांग मुद्दल व्याजासकट परत करत होती. एकदा तर ती आंघोळीच्या पाण्याशी उभी राहून देवाला म्हणाली, “माणसं बाहेर आहेत, कुणाला लागायचं नाही. पाड की एकदाचं! तुझं काय जातंय?”

देवाने ऐकलं नाही. पण काटा हलत होता. पोरीने तबकड्यांच्या कडा स्क्रूने करकचून आवळून टाकल्या होत्या, आणि रोज भोंगा नाहीतर बाप, दोघांपैकी एक, तिच्यासोबत जाऊन दुरूनच, हात मागे बांधून बघायचा. काटा चालला होता पुढे, मुकाट, कुणालाही न जुमानता.

मग सरकारी इन्स्पेक्टर आला आणि मॅनेजरच्या कचेरीत चौकशी बसली. मॅनेजर, मास्तर, पोरगी, बाप. मोठीआईला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली होती.

“आपण कोण?” इन्स्पेक्टरने जाड चष्म्यातून विचारलं.

“ज्याची चूक निघेल त्याची मी आई नाहीतर आजी. चालू द्या.”

मास्तर घसा साफ करून म्हणाले, प्रकरण अगदी साधं आहे. एका अडाणी कर्मचाऱ्याने आकडे बिघडवले. प्रबंधात तशी एक ओळ घातली की झालं. संशोधनाला बाधा येत नाही, पदवीलाही नाही. कर्मचाऱ्यावर काय कारवाई करायची ते खाण बघेल. मॅनेजरने मान हलवली, आणि त्याची मान हलली म्हणजे बरंच काही हललं. मग दोघांनी पोरीकडे बघितलं. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’ म्हटलं की ती पास, बाप घरी.

बाप म्हणाला, “हो म्हण, पोरी. खरंच आहे ते.”

“अर्धंच खरं आहे,” पोरगी म्हणाली. ती उभी राहिली नाही, हातवारे केले नाहीत. बसल्या बसल्या, बाजारात भाव सांगावा तसं सांगत गेली. “स्क्रू मी आधीच आवळायला हवा होता. काटा कशासाठी आहे हे मी बाबांना सांगितलंच नाही. हात लावू देऊ नका म्हटलं आणि निघून गेले, कारण ते माझे बाबा, त्यांना कळेलच असं मला वाटलं. आणि माझं गणित मला सांगत होतं की हे हलायला हवं. सर म्हणाले बदल, मी बदललं. कागदावर खडक घट्ट केला. बाबांनी काटा फिरवला, मी डोंगर फिरवला. ती ओळ घालायची तर ही घाला.”

“म्हणजे प्रबंध मागे घेतेस?” मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता, कारण त्या प्रबंधावर त्यांचंही नाव होतं.

“घेते.”

“मग पुन्हा पहिल्यापासून. आणि माझ्याकडे नाही.”

“बरं, सर.”

इन्स्पेक्टरने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “छत कधी पडेल?”

“माहीत नाही.”

“पडेल हे तरी नक्की?”

“तेही माहीत नाही. हलतंय एवढं नक्की. आणि दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा जास्त हलतंय.”

मोठीआईचा जीव वरखाली झाला. इतकी वर्षं शिकून, चार परक्या माणसांत, दोनदा ‘माहीत नाही’! त्यापेक्षा मंगळवारी पडेल म्हणून ठोकून द्यायचं होतं. पण इन्स्पेक्टरला ते उत्तर का कोण जाणे आवडलं. त्याने सासुरवाडी बंद करून टाकली; आधी लाकडी टेकू ठोका, मग पुढचं बघू म्हणाला. मॅनेजरला त्याने बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि मॅनेजर बाहेर आला तेव्हा बराच बुटका वाटत होता. बापाची नोकरी वाचली, पण त्याच्या पुण्याईने नव्हे. तबकड्या तिन्ही पाळ्यांच्या मुकादमांनी फिरवल्या होत्या; तिघांना काढलं तर खाणीत उद्या उतरणार कोण? तिघांना मिळून एकच कडक समज देण्यात आली, आणि ती तिघांनी वाटून घेतली.

कचेरीच्या बाहेर आल्यावर बाप पुढे निघून गेला. त्याला पोरीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पोरगी नापास झाली होती, मास्तर गेला होता, सगळं काम पहिल्यापासून; आणि ती आजीच्या शेजारी गुमान चालत होती, तिच्या चालीत चाल मिळवत. तारेच्या कुंपणापाशी मोठीआई थांबली. कामावरून सुटलेली माणसं जात-येत होती, ती सगळी ऐकतील अशा आवाजात बोलली, कारण हळू बोलायचं म्हणजे काय ते तिला येतच नव्हतं.

“मास्तरने तुला एकदा नापास केलं ना? मी असते तर दोनदा केलं असतं. बापाने काटा फिरवला तो मायेने. त्याला अक्कल नाही हे मी तो पाळण्यात होता तेव्हापासून जाणते, त्याचं मला काही नाही. पण तू? तुझं गणित बरोबर होतं! बरोबर होतं, आणि त्या फोटोवाल्या मास्तरने डोळे वटारले म्हणून खोडून टाकलंस! अगं, या घरात आजवर कुणी चुकीचं असतानासुद्धा माघार घेतली नाही. तुझा आजोबा नाही, मी तर नाहीच नाही. आणि तू खरी असून घेतलीस? आज आत जे बोललीस ते त्या दिवशी मास्तरच्या तोंडावर बोलायला काय झालं होतं? दुसरा मास्तर शोध. त्यालाही असंच बोल. तोही हाकलेल, मग तिसरा शोध. पण पुन्हा कधी खरी असताना गप्प बसलीस, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. आता चल, भूक लागलीय मला.”